आधी तू जेव, आई

वैशालीताई गेल्याचं मला काकूनेच फोनवर सांगितलं. मी नगरला ऑफिसच्या जिन्यात उभी होते. "वैशूनं सकाळधरनं काही घेतलं न्हाई," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा देऊन बघ, असं मी नेहमीसारखं म्हणणार होते. तेवढ्यात ती म्हणाली, "आता घ्यायची न्हाई." तिच्या मागे हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला… मग फोन बंद झाला.

ताई माझी चुलतबहीण. मिरजगावच्या मराठी शाळेत शिकून पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचलेली. मी नगरच्या इंग्रजी शाळेतली, घरच्या कार्यक्रमात कोपरा धरून बसणारी. "कॉन्व्हेंटबाई, तोंड आहे ना?" असं ती चिडवायची, पण बोलच म्हणून हट्ट करायची नाही. एकदा तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली उंदरांचे गर्भ दाखवले. उंदरीण पिल्लांना पाजत असते तेव्हा तिच्या पोटात पुढचे गर्भ तयार असू शकतात, पण ते गर्भाशयाला चिकटत नाहीत. इवल्याशा गोळ्याच्या अवस्थेत तसेच थांबून राहतात. पिल्लांचं पिणं सुटलं की पुन्हा वाढायला लागतात. थांबलेले असताना ते काय घेतात, किती घेतात, हा ताईचा विषय. ती त्यांना चमकणारी साखर द्यायची. वाढणाऱ्या गर्भांनी ती भराभर घेतलेली असायची, ते उजळ दिसायचे. थांबलेले जवळजवळ काळोखे. "मेलेत का?" मी विचारलं. "नाही गं. साठवलेल्या चरबीवर तगून आहेत. आपण ओतू तेवढं ते घेतीलच असं नाही."

पोटाच्या कॅन्सरवरचे उपचार थांबवले तेव्हा ती मिरजगावला परत आली. मीही रजा काढून तिथे राहायला गेले. हायवेच्या बाजूच्या खोलीत तिचा पलंग टाकला होता. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी आणायचा, कोणी शहाळं, कोणी बिस्किटं, तिसगावच्या आत्याने तर तुपातला शिरा… आणि ताईने आपल्या हातचा एक घास घेईपर्यंत जागचा हलायचा नाही. आमच्याकडे आजाऱ्याला भेटणं म्हणजे त्याला भरवणं. ताई सगळ्यांचं मन राखायची, आणि माणसं गेली की मी तिच्यापुढे उलटीसाठी पातेलं धरायचे. काकूला मात्र आत गेलेला घासच दिसायचा. त्यात तिने आणखी एक धरलं होतं: ताई जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. शुगरची गोळी घेऊन ती तशीच उपाशी बसायची. एकदा ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. पलंगावरून ताईला उठता आलं नाही, ती नुसती मला हाका मारत राहिली. मरणाबद्दल ताई क्वचितच बोलली. आईला जेवायला कसं लावायचं, याचाच तिला घोर होता.

शेवटी तिने काकूला उंदरांचं सांगितलं. समोर असूनही शरीर घेत नाही असं असतं, यात तुझ्या हातचा काही दोष नाही, हे आईला पटावं म्हणून. काकू वाटीतल्या कण्या ढवळत ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा उजळला. "म्हंजी तू थांबलीयास. थांबलेलं पुन्ना वाढतंय की."

ताईने डोळे मिटले.

"आई, ते थांबल्यात. मी संपत आलेय," ती म्हणाली. "माझ्यासाठी थांबू नको तू."

काकू उठली नाही, रडलीही नाही. तिने चमचा पुन्हा पुढे केला. ताईने तिचं मनगट धरलं आणि चमचा हळूहळू काकूच्याच तोंडाकडे वळवला. त्या बोटांत काही जोर उरला नव्हता. तरी काकूने तोंड उघडलं, आणि घास तसाच गालात धरून बसली.

"गीळ की आता," ताई म्हणाली. "मी बघतेय."

त्यानंतर काकू रोज तिच्यासमोर बसून जेवली. ताई कुशीवर वळून बघत राहायची. शेवटी शेवटी तिला वळताही येईना, तेव्हा काकूच पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसायची. रजा संपून मी नगरला परतले, तेव्हाही हे चालूच होतं.

मागच्या रविवारी मी मिरजगावला गेले होते. पलंग अजून तिथेच आहे, गादी गुंडाळलेली. संध्याकाळी काकूने ताट वाढून घेतलं आणि स्वयंपाकघरात न बसता त्या खोलीत आली, पलंगाकडे तोंड करून बसली. मला म्हणाली, "तू बी बस." भाकरीचा पहिला घास तिने तोंडात घातला आणि तसाच धरून ठेवला… बाहेरून एक ट्रक गेला, मग दुसरा.

मग तिने तो गिळला.