फरशी न कापणारा मिस्त्री

माझे बाबा फरश्या बसवायचे, पण फरशी कापायची म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. सगळ्या खोल्यांत एकाच मापाची चौकोनी फरशी, तीही मोठ्यात मोठी, आणि एकही तुकडा नको, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी भिंतींच्या लांबीच्या दोऱ्या कापायचे. लहान दोरी मोठीवर लावायची, उरलेला तुकडा पुन्हा लहानीवर, असं करत काहीच उरेनासं झालं की हातातला तुकडा तेवढी फरशी. शाळेतला मसावि तो हाच, पण शाळेचं नाव काढलं की बाबा हात जोडायचे.

मी प्रोग्रॅमिंग शिकले, त्यामुळे डोक्यात हवा. "दोऱ्या कसल्या घेऊन बसलात, बाबा?" म्हणत त्यांच्या फोनवर प्रोग्रॅम टाकून दिला. भिंतींचे आकडे भरा, फरशीचं माप घ्या. सात, दहा, तेरा घालून पाहिले. उत्तर एक. बरोबर! तेवढ्यावर मी मोकळी झाले. बाबा मात्र दिसेल त्याला सांगत सुटले, "माझ्या लेकीनं केलंय."

महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. "थकलो गं," एवढंच म्हणाले. मीही शहाणी, म्हटलं, करा आराम.

वर्षभरानं सहज त्यांचा फोन उघडला. ४२०, ३००, २४०. तेच आकडे तीनदा भरलेले आणि तिन्ही वेळा उत्तर एक. मी प्रोग्रॅम उघडून ओळीन् ओळ तपासली. हिशेब पहिल्या आकड्यापासून सुरू करायचा, तो मी एकपासून केला होता. एकाशी कुठल्याही आकड्याचा मसावि एकच येणार!

आईला विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. दोरी साठ सांगत होती, फोन एक. गुडघे धरून त्यांनी तीनदा मापं घेतली आणि मालकाला म्हणाले, "माझे हात आता भरवशाचे नाहीत. दुसरा मिस्त्री बघा." हत्यारंही देऊन टाकली.

मी प्रोग्रॅम दुरुस्त करून धावत त्यांच्याकडे गेले. "बघा, साठ! तुमचं बरोबर होतं, चूक माझी होती."

बाबांनी आकडा पाहिला, हसले. "माझं मन राखायला कशाला आकडे बदलतेस? तुझं काम चुकेल होय?"

मी शपथा घेतल्या, ओरडले, रडले. त्यांनी उठून मलाच पाणी आणून दिलं.