आमटीतली चिंच

आज जेवताना मी कुरकुरलो, "आमटीत चिंच कमी पडलीय." वाढता वाढता बायको थबकली आणि आनंदाने ओरडली, "अगं, बाबांनी आमटीला नावं ठेवली!" लेक धावतच आली.

माझ्या आईला अल्झायमर झाला होता. आता आपली पाळी, या धास्तीने रोज जेवणाला नावं ठेवणारा मी हळूहळू गप्पच झालो. घरच्यांना वाटलं, वयाने निवळलो. डॉक्टर म्हणाले, "हे नैराश्य आहे. आनुवंशिक धोका बदलता येत नाही. पण नैराश्यानेही धोका वाढू शकतो, आणि त्यावर औषध आहे." 'मला काय वेड लागलंय?' म्हणत वर्षभर टाळलेल्या गोळ्या अखेर सुरू केल्या.

डोकं उद्या काय विसरेल, कुणी पाहिलंय? आज जीभ तर जागी झाली!

"अगदी सासूबाईंची जीभ!" बायकोने टोमणा मारला.

आईकडून आलेली ही गोष्ट मी ताठ मानेने मिरवली आणि आमटीसाठी पुन्हा वाटी पुढे केली.