नूरभाईंनी निवडलेले टायर

नूरमोहम्मद टायरवाल्यांनी माझ्या टपरीवर वर्षानुवर्षं चहा घेतला, पण बाकड्यावर बसून कधी नाही. कप हातात धरायचे आणि हिंडायचे. एक घोट दुकानाच्या दारात, दुसरा हायवेच्या कडेला, तिसरा कुणाच्या तरी जीपच्या चाकाशी उकिडवं बसून. रिकामा कप मलाच शोधून आणावा लागायचा. मी म्हणायचे, नूरभाई, पायाला भिंगरी लावून जन्मलात का हो? ते हसायचे आणि पुढं चालू लागायचे, कप घेऊनच.

चिंचवडला हायवेला लागून त्यांचं दुकान आणि दुकानाला लागून माझी टपरी. चौऱ्याहत्तर साल असेल. कंपन्यांचे भोंगे वाजले की सायकलींचा लोंढा यायचा, निगडीकडं प्राधिकरणाचे प्लॉट पाडायचं काम चाललं होतं. जीप म्हणाल तर बहुतेक मिलिटरीच्या लिलावातल्या. चाकणचे कांदेवाले त्या घ्यायचे, पावसाळ्यात वावरात रुतवायचे आणि मग नूरभाईंकडं धावायचे. नूरभाई टायरला नख लावून बघायचे, वास घ्यायचे, हातोडीनं ठोकून कान द्यायचे आणि म्हणायचे, हा घ्या. त्यांचा कायदा एकच. टायरवरचे गट्टू, म्हणजे रबराचे उंचवटे, जितके मोठे आणि रबर जितकं कडक, तितकी पकड जास्त. जवळच्या माण गावच्या भातखाचरातून त्यांच्या टायरवर जीप बाहेर निघालेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती, त्यामुळं त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नसे. एकदा बोललेला शब्द तेही मागं घेत नसत. हेकट माणूस, खोटं कशाला बोलू?

त्यांची एकुलती एक लेक रोशनबी, दुकानामागंच राहायची. तिचा नवरा फारूक एका ठेकेदाराच्या जीपवर ड्रायव्हर होता. त्या ठेकेदाराला हिमाचलात रोहतांग घाटाच्या पलीकडं पुलाचं काम लागलं, आणि दिवाळीच्या आधी फारूकला जीप घेऊन निघायला सांगितलं. आधी मनालीला थांबायचं, मागून सामान आलं की घाट चढायचा. आता बर्फ आमच्यातल्या कुणी पाहिला होता? गोळेवाल्याच्या गाडीवर, तेवढाच. नूरभाईंनी चार नवे टायर निवडले आणि दुकानातल्या कुणाला हात लावू न देता स्वतः बसवले. गट्टू असे की दोन गट्टूंच्या मधे मूठ जाईल. फारूक निघाला तेव्हा रोशनबी दारात उभी, पाचवा महिना लागलेला. नूरभाई बोनेटवर थाप मारून म्हणाले, चिखलातनं काढतो तो टायर बर्फातनं काढणार नाही होय? आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्यानंतर आठवड्याभरानं माझा धाकटा भाऊ ज्ञानदेव रजेवर आला. तो मिलिटरीत ट्रक चालवायचा, लडाखात. टपरीवर बसला होता, तर नूरभाईंनी त्याला जावयाच्या टायरची सगळी हकिकत रंगवून सांगितली. हा नुसता कपात बघतोय. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय, मला त्याचं तोंड कळतं. म्हटलं, काय झालं रे? तेव्हा बोलला.

"नूरभाई, बर्फ म्हणजे चिखल नव्हे. चिखलात गट्टू रुततो म्हणून धरतो. घट्ट गोठलेल्या रस्त्यात तो रुतणार कुठं? वरच्यावर राहतो. त्यात थंडीनं कडक रबर लाकडासारखं होतं. तिथं मऊ रबर लागतं, बारीक चिरांचं, आणि चाकाला वरून साखळ्या."

नूरभाई भडकलेच. काल मिसरूड फुटलेल्यानं मला टायर शिकवू नये, असं सगळ्या गिऱ्हाइकांदेखत सुनावून तरातरा निघून गेले. मलाही ज्ञानदेवचाच राग आला. म्हटलं, गप्प बसवत नव्हतं का तुला? गाडी कधीच गेली, पोरगी पोटुशी आहे, आता सांगून कुणाचं भलं केलंस? तो म्हणाला, अक्का, न सांगता माझी रजा कशी गेली असती?

पुढचे दोन दिवस नूरभाई चहालाच आले नाहीत. दुकानासमोर येरझारा घालत होते. पंक्चरचं चाक हातात घ्यायचे आणि तसंच ठेवून द्यायचे. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. दूध दोनदा उतू गेलं, आणि मी दुधावर लक्ष न ठेवणारी बाई नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बर्फवाल्याची हातगाडी दुकानासमोर थांबली. सोडावाल्यांना पुरवतो ना, तसल्या भुशातल्या बर्फाच्या लाद्या. दुकानाच्या उतारावर नूरभाईंनी वाळू पसरली, त्यावर लाद्या रचल्या, कडेनं विटा ठोकल्या. नानासाहेब म्हणून एक कांद्याचे व्यापारी होते, त्यांची जीप दुरुस्तीला आली होती. तिलाही नूरभाईंनी त्याच जातीचे टायर घातलेले. लोक हसायला लागले. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाले. हसणं मलाही आलं होतं, पण त्यांचं तोंड बघून ते जिरलं.

नूरभाईंनी जीप लाद्यांवर घेतली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरले. एक पाय जमिनीवर टेकतोय तोवर जीप मागं निघाली. चाकं फिरत नव्हती, ब्रेक घट्ट होता, तरी सरळ घसरत आली आणि माझ्या बाकड्यावर आदळली. बाकड्याचा पाय मोडला. बाकड्यावर कुणी नव्हतं म्हणून बरं. मग ज्ञानदेवनं ढिगातले ॲम्ब्युलन्सचे जुने मऊ टायर काढले, बारीक चिरांचे. ते घालून जीप पुन्हा चढवली. थोडी सरकली आणि थांबली. नूरभाई त्या विरघळणाऱ्या लाद्यांकडं बघत उभे राहिले.

ज्ञानदेव म्हणाला, मी मनालीला तार करतो. तोवर रोशनबी बाहेर आली होती. ती बापाकडं न बघताच बोलली, "अब्बांनी बसवलेले टायर आमचे हे दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून काढणार नाहीत. कलेक्टर आला तरी नाहीत. अब्बांनीच सांगायला हवं."

पोस्टात मी त्यांच्याबरोबर गेले, एकटं सोडायचा धीर होईना म्हणून. त्यांनी मजकूर सांगितला, टायर बदल, नूरमोहम्मद. कारकुनानं लिहून घेतलं. नूरभाई दारापर्यंत गेले आणि परत फिरले. म्हणाले, एवढ्यानं तो ऐकायचा नाही, त्याला वाटेल कुणीतरी माझं नाव घातलंय. कारकून म्हणाला, मग काय लिहू? नूरभाईंनी टोपी काढून हातात घेतली.

"लिहा, मी चुकलो."

मग सुरू झालं वाट बघणं. पोस्टमनची सायकल दिसली की आम्ही सगळे उठून उभे राहायचो, आणि ती तशीच पुढं जायची. मोडक्या बाकड्याखाली मी विटा लावल्या, पण गिऱ्हाइकाशी धड बोलत नव्हते. ज्ञानदेवची रजा संपली, तो गेला. रोशनबी जेवेना. नूरभाई तर चिंचवड ते पिंपरी पायी जाऊन यायचे.

अखेर तार आली. पोस्टमननंच वाचली. टायर काढले, उद्या सकाळी घाट चढणार होतो, फारूक. रोशनबी रडायला लागली. तिच्याबरोबर मीही रडले. नूरभाईंनी अल्लाचे आभार मानले आणि पुन्हा चालायला लागले.

उन्हाळ्यात फारूक परत आला. टपरीवर बसला होता, मांडीवर त्याची लेक. बाकड्याला नवा पाय बसवला होता. नूरभाई कप घेऊन हिंडत होते. हिंडता हिंडता त्यांनी विचारलं, तिथं तुला कुणीच सांगितलं नाही का टायरचं?

सगळ्यांनी सांगितलं, फारूक म्हणाला. चहावाल्यानं सांगितलं, पंजाबी ड्रायव्हरांनी सांगितलं. एक सरदारजी तर स्वतःचे टायर घेऊन आला होता, घाल म्हणून हात जोडत होता.

"मग काढले का नाहीस?"

"तुम्ही बसवले होते ना, अब्बा."

नूरभाई होते तिथंच थांबले. फारूककडं बघितलं, त्याच्या मांडीवरच्या पोरीकडं बघितलं. मग हळूच येऊन बाकड्यावर बसले. चहा हातातच गार झाला. मी दुसरा दिला, तोही बसूनच प्यायले. त्या दिवशी कप शोधायला मला कुठं जावं लागलं नाही.