आमच्या घरचा उपास

"मावशी, आज मंडळीचा उपास आहे," सर म्हणाले आणि त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

ताट मायच्या हातात होतं. भाकरी, पातोडीची रस्सा भाजी, चिरलेला कांदा. ऑपरेशनचे टाके नुकतेच वाळले होते. वाकू नको म्हणून डॉक्टरांनी दहादा बजावलेलं. तरी सकाळपासून खाली बसून बेसनाच्या वड्या थापत होती. कोणाचं ऐकेल तर शपथ.

आमच्या ख्रिस्ती लोकांत माणूस दुखण्यातून उठला की घरी उपकारस्तुतीची सभा ठेवतात. गाणी, साक्ष, प्रार्थना आणि शेवटी जेवण. जेवणाशिवाय उपकारस्तुती मी कुठंच पाहिली नव्हती. देवाने जीव वाचवला म्हणून आनंद करायचा आणि उपाशी उठायचं, हे कसलं?

सर म्हणजे आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, मुख्य पंच. शाळेत हेडमास्तर होते, म्हणून सगळेच त्यांना सर म्हणतात. त्यांच्या मागोमाग एकेक जण हात जोडून उठला. प्रार्थना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी मान खाली घातली आणि ते चपला शोधू लागले.

माय म्हणाली, "मंग चहा तरी घ्या."

"उपास म्हणजे उपास, मावशी." सर हसले.

मायही हसली. तिचं ते हसणं अजून मला झोपू देत नाही.

सगळे गेल्यावर बघते तर मंडळीची ढोलकी आमच्याकडेच राहिलेली. दुसऱ्या दिवशी रविवार. ढोलकी नसेल तर गाणी कशी होणार? मी ती ओढणीने स्कुटीला बांधली आणि सरांच्या घरी निघाले. त्यांचं घर मिशनच्या जुन्या बंगल्याच्या आवारात आहे. राजापेठेतल्या गर्दीतून वाट काढत पोचले. फाटक उघडंच होतं.

अंगणात पंगत बसली होती.

तेच लोक. मघाशी आमच्या सतरंजीवर बसून डोळे मिटून गाणारे. पाळकसाहेबांच्या ताटात पुलाव होता. सरांची बायको वाढत होती. मला पाहून तिचा हात थांबला, आणि मग ती म्हणाली, "अगं, तुमच्याकडे जागा लहान, म्हणून जेवण इथं ठेवलं. ये, तूही बस."

मी ढोलकी पायरीवर ठेवली आणि गाडी वळवली. रस्ताभर रडले. रडू अपमानाचं कमी आणि मूर्खपणाचं जास्त होतं, कारण सगळं लहानपण माझ्या डोळ्यांसमोर उलटं होऊन उभं राहिलं होतं.

प्रार्थनासभा पाळीपाळीने घरोघर फिरते. कोणाकडे समोसे, कोणाकडे केक, कोणाकडे मटण. आमची पाळी आली की उपास. दरवेळी. आणि मला वाटायचं, आमचं घर इतरांपेक्षा पवित्र. म्हणूनच देवासाठी उपाशी राहायला लोक आमच्याकडे येतात. शाळेत मी मैत्रिणींना ऐटीत सांगायचे, "आमच्याकडे उपासाची सभा होते." दुसऱ्या दिवशी डब्यात उरलेलं भरपूर असायचं. मी वाटून खायचे. आपल्याच अपमानाची जाहिरात करत फिरले मी.

आमचा आजा चांदूर बाजारकडचा, मांगवाड्यातला. लग्नात सनई वाजवायचा. सनई मांडवात चालायची, आजा चालायचा नाही. पंगत उठल्यावर त्याला बाहेर वाढायचे. म्हणून त्याने येशूचा हात धरला. सरांचे आजोबा जमीनवाले होते, तेही ख्रिस्ती झाले. चर्चच्या देवळात दोघं एका बाकावर बसायचे, असं माय मोठ्या कौतुकाने सांगते. आजही उपासनेत प्रभुभोजनाची भाकर आम्ही सगळे एकाच ताटातून घेतो. सर स्वतः ते ताट माझ्यापुढे धरतात. मग माझ्या मायच्या भाकरीने काय घोडं मारलंय?

घरी आले. माय उरलेली भाजी झाकून ठेवत होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ही कोसळेल.

ती म्हणाली, "मले मालूम आहे."

"कधीपासून?"

"तुह्या जल्माच्या आंधीपासून."

"मंग दरवेळी सैपाक कावून करतं?"

"एखांद्या वेळी बसतीन म्हनून."

मला तिचा इतका राग आला की भांडं आपटलं. ती शांतपणे म्हणाली, "बोलू नोको कुठी. मी मेली त मातीले चार मानसं लागतीन. हेच येतीन."

एवढीच तिची मागणी. आपली माती ख्रिस्ती माणसासारखी व्हावी, पाळकाने प्रार्थना करावी, कोणीतरी गाणं म्हणावं. त्यासाठी ती जन्मभर ताट घेऊन उभी राहिली आणि जन्मभर हसली.

मी दवाखान्यात नर्स आहे. गुडघे टेकून बसायला मला सवड नसते. मी स्कुटीवर देवाशी बोलते. सिग्नलला उभी असताना उपकार मानते की माय अजून आहे, की हातपाय धड आहेत. म्हाताऱ्या पेशंटची शीर एका सुईत सापडली की मनातल्या मनात 'स्तुती असो' म्हणते. रोजचंच आहे ते, श्वासासारखं. त्या रात्री अंथरुणावर पडून नेहमीसारखं 'स्तुती असो' म्हणायला गेले आणि शब्दच फुटेना. उलट प्रश्नच येत राहिले. तू कुठं होतास आज? आमच्या सतरंजीवर की त्यांच्या पंगतीत? सकाळपर्यंत मी भांडत होते. देव बोलला नाही. पण मीही त्याला सोडलं नाही.

रविवारी उपासनेत स्तुतीची वेळ आली. या वेळी कोणीही उभं राहून मोठ्याने प्रार्थना करतं. बाकीचे डोळे मिटतात, आणि मधे कोणी टोकत नाही. मायने माझा हात दाबून धरला होता. तिला कळलं असावं. मी हात सोडवला आणि उभी राहिले.

"देवा, तुह्ये लय उपकार. तू माह्या मायले मरनातून उठवलं. तिनं तुह्या लोकायसाठी सैपाक केला. तुह्ये लोक तुह्यं नाव घेऊन बोल्ले का आज उपास आहे. मंग बंगल्यावर जाऊन जेवले. आजपावतर आमच्या घरी कोनंच जेवलं नाई. देवा, तू आमच्या घरी जेवतं का नाई, तेवढं सांग."

आमेन कोणीच म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी घाईघाईत गाणं काढलं. ढोलकीवर थाप पडायलासुद्धा उशीर झाला.

बाहेर सरांनी मला गाठलं. "प्रार्थनेत तक्रारी आणायच्या नसतात. देवाची स्तुती करायची असते."

"स्तुतीच करून राहिली होती मी," मी म्हणाले. "खोटं बोलून स्तुती होते का, सर?"

ते काहीतरी बोलले. माझं लक्ष मायकडे होतं. ती रस्त्याकडेला पदर तोंडाला लावून उभी होती. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. तिची माती मी बुडवली, असं तिला वाटतं. तिचं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. रविवारी आमच्या बाकावर आता आम्ही दोघीच असतो.

काल पाळकसाहेब घरी आले. दारातच उभे राहून म्हणाले, "यंदा तुमच्या पाळीची सभा देवळातच घेऊ. खाण्याचं मंडळी बघेल. वाद नको."

मी म्हटलं, "नाही. सभा आमच्या घरी होईल. आधी ताटं वाढली जातील. जेवण झाल्यावर गाणी आणि प्रार्थना. उपासाचं नाव काढणाऱ्यानं यायचं नाही."

"आणि कोणीच आलं नाही तर?"

"तर मी आणि माय जेवू. मग मी प्रार्थना करीन. आणि माय गेली, तुमच्यातलं कोणी आलं नाही, तर तिच्या मातीवरची प्रार्थनाही मीच करीन. मला येते."