दर्यापूरची बंदरवाली

अकोल्याला एका लग्नात पंगत बसली होती. आत्याने वरणभाताचा पहिला घास घेतला आणि वाढायला आलेल्या डाळमिलवाल्या यजमानांना सरळ विचारलं, "भाऊ, ही तूर कोणत्या बंदरात उतरली?" यजमान चपापले. तूर खरोखरच आफ्रिकेतून जहाजाने आलेली होती आणि पंगतीत अर्धेअधिक तुरीचे शेतकरी होते. आत्याला चवीवरून काही कळलं होतं असं नाही. खुर्ची असो, मोबाईल असो, खाण्याचं तेल असो, ती प्रत्येक वस्तूबद्दल हेच विचारायची. त्या दिवशी नेम लागला एवढंच. यजमानांचा चेहरा पाहून तिने वाटी पुढे केली. "वाढा अजून. चांगली झाली."

तिला पश्चिम किनाऱ्यावरच्या एका सरकारी बंदरात नोकरी लागली, तेव्हा आमच्या दर्यापुरात बंदर म्हटलं की लोकांना माकडच आठवायचं. शेजारच्या काकूंनी पेढा हातात घेऊन काळजीने विचारलं होतं, "मंग पोरीले सेमाडोहच्या जंगलात राहा लागन का?" तेव्हापासून ती सगळ्या गावाची 'बंदरवाली' झाली. आजोबा कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायचे. त्या गाठी पुढे कुठे जातात हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लेक ते पाहून आली याचा त्यांना इतका अभिमान, की बसस्टँडवर अनोळखी माणसालाही ते म्हणत, "आमची पोरगी जहाजं लावते."

जहाजं ती लावत नव्हती. कोणतं जहाज कोणत्या धक्क्याला कधी लागेल, माल किती वेळात उतरेल, जागेचं भाडं काय, हे ठरवणाऱ्या खात्यात ती होती. तिला पोहता येत नव्हतं. समुद्राची भीती नाही का वाटली, असं मी लहानपणी विचारलं होतं. ती म्हणाली, "काहून वाटन? आपल्या इकडच्या विहिरीले खारंच पाणी हाय. तिथं जरा जास्त हाय एवढंच." धक्क्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, तर तिने ते आधी बांधून घेतलं आणि मगच पाळीला उभी राहिली. साहेबांना ते उद्धटपणाचं वाटलं. आत्याला तसं वाटलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तिच्या बंदराचा एक धक्का खाजगी कंपनीला दीर्घ मुदतीने चालवायला द्यायचं ठरलं. कराराच्या अटी लिहिणाऱ्या समितीत आत्या होती. तिने दोन अटी धरून ठेवल्या. एक, धक्क्याला लागलेल्या जहाजाने इंजिन बंद करून किनाऱ्यावरची वीज घ्यायची, कारण त्या धुराने मागच्या कोळीवाड्यातली पोरं खोकत होती. दुसरी, फळाभाजीच्या थंड कंटेनरला वीज नाकारायची नाही, मग तो मोठ्या व्यापाऱ्याचा असो की चार शेतकऱ्यांचा. एका वरिष्ठांनी चिडून विचारलं, "मॅडम, तुमचं दर्यापूर इथून केवढं लांब! तुम्हाला एवढी काळजी कशाला?"

"लांब आहे म्हणूनच, सर. जवळचा माणूस फाटकावर येऊन भांडतो. लांबच्याचं काय?"

दोनातली एक अट बसली, कंटेनरची. धुराची अट पुढच्या वेळी पाहू म्हणून बाजूला पडली, आणि आत्याला कोपऱ्यातल्या एका टेबलावर बसवलं गेलं. निवृत्त होऊन ती अमरावतीला राहायला आली, तरी कोळीवाड्याचा विषय निघाला की जेवता जेवता ताट बाजूला सारायची.

अमरावतीत तिला वरूडच्या संत्रेवाल्यांनी शोधून काढलं. बागायतदारांनी मिळून स्वतःची कंपनी काढली होती. संत्रं समुद्रमार्गे आखातात पाठवायचं होतं. पॅकिंगच्या शेडमध्ये खोक्यावर बसून आत्याने त्यांना पहिला धडा दिला. "जहाज एकाचं, कंटेनरचा डबा दुसऱ्याचा, धक्का सरकारचा, क्रेन कंपनीची. आपलं काय? संत्रं. म्हणून नासलं का आपलंच नासते. सगळ्यायले ओळखून ठेवा." पॅकिंग करणाऱ्या बायकांची मुकादम सुमनबाई तेव्हा मोठ्याने हसली होती. पुढे दोघींची अशी गट्टी जमली, की आत्या आठवड्यातून एकदा वरूडला जाऊन तिच्याशेजारी फळं निवडत बसायची.

पहिला कंटेनर निघाला आणि समुद्रात वादळ उठलं. जहाज लांबलं, बंदराचं आवार भरून गेलं, आणि वरूडचा डबा फाटकाबाहेर ट्रेलरवर अडकला. ट्रेलरच्या जनरेटरचं डिझेल किती पुरणार? कंपनीचे अध्यक्ष प्रकाशभाऊ फोनवर रडकुंडीला आले होते. आत्याने मला हाक मारली, "चाल, बॅग भर," आणि संध्याकाळच्या गाडीने आम्ही बडनेऱ्याहून निघालो.

सकाळी तिच्या जुन्या बंदरात, तोच धक्का चालवणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापकासमोर ती बसली. तो तरुण, नम्र मुलगा होता. म्हणाला, "मॅडम, जागाच नाही. आधी आमचे नेहमीचे ग्राहक बघावे लागतात. करार आमच्याशी झालाय, क्रम आम्हीच ठरवणार."

"क्रम तुम्हीच ठरवा," आत्या शांतपणे म्हणाली. "मी वीज मागतेय. ती कराराप्रमाणे नाकारता येत नाही. आणि बाळा, तुम्ही इथले भाडेकरू आहात. घरमालक देश आहे. त्यात वरूडही येतं."

त्याने करार मागवला, ते कलम दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे इतकं स्पष्ट कोणी लिहिलं?" मीच आत्याकडे बोट दाखवून सांगितलं. माझा आवाज जरा चढलाच असेल. दुपारपर्यंत डबा आत गेला, वीज जोडली गेली. पुढे आखातात तो उघडला तेव्हा वरच्या थरातली थोडी संत्री गेली होती, बाकीची टवटवीत होती.

त्या दिवशी परतताना त्या मुलाने तिला धक्का दाखवायला नेलं. एका जहाजाला किनाऱ्यावरून जाडजूड केबल जोडलेली होती. नव्या नियमाने यंदाच सुरू केलं, असं तो म्हणाला. आत्या खूप वेळ त्या जहाजाच्या धुराड्याकडे पाहत राहिली. त्यातून धूर येत नव्हता. "झालं बाई," एवढंच ती म्हणाली आणि तिने माझा हात धरला.

गेल्या हंगामात, ऐन संत्र्याच्या गर्दीत, आत्या गेली. मी वरूडला फोन केला. सुमनबाई म्हणाली, "डबा भरणं चालू हाय. अर्धा टाकून आलो तं मॅडमले आवडणार नाई. भरून देतो अन् निंगतो. तवरिक थांबा."

भन्तेजी आले, वंदना झाली, नातेवाईक घड्याळ पाहू लागले. कोणीतरी उठा म्हणालं. बाबा दारातून हलले नाहीत. "माह्या बहिणीची माणसं येऊन राहिली," ते म्हणाले. "आल्याबिगर उचलाची नाई."

उन्हं कलली तेव्हा मिनीट्रक गल्लीत शिरला. बायका कामाच्याच कपड्यांत उतरल्या. सगळ्या अंगणाला संत्र्याच्या सालीचा वास आला. बाबांनी गर्दी बाजूला सारली आणि तिरडीच्या पहिल्या खांद्याला सुमनबाईला उभं केलं.