मिश्रीचा तवा

आमच्या शाळेत दरवर्षी दात घासण्याचा कार्यक्रम होतो आणि त्यात बोलायचं काम माझ्याकडे असतं. वडूजपासून आतल्या गावात, जिथं नळाला चार दिवसांतून एकदा पाणी येतं, तिथं मी हातभर लांब ब्रश आणि प्लास्टिकचा भलामोठा जबडा घेऊन दोन मिनिटं घासण्याचं महत्त्व सांगते. मुलं माना डोलावतात आणि वाटलेल्या ब्रशनं सायकलची चेन घासतात.

यंदा मुलांच्या आया-आज्यांनाही बोलावलं होतं. माझी सासू, जिला मी आत्या म्हणते, पहिल्या रांगेत येऊन बसली. तिचं उजव्या हाताचं बोट मिश्रीनं काळं पडलेलं. तव्यावर तंबाखू जाळायची, चुरायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावत बसायचं, याला आमच्याकडे दात घासणं म्हणतात. तंबाखूनं तोंड स्वच्छ होतं हा शोध ज्यानं कुणी लावला, त्याला कोपरापासून नमस्कार.

कार्यक्रमाच्या महिनाभर आधी आत्याच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. दातांच्या डॉक्टरांनी बजावलं, मिश्री आजपासून बंद. चट्टा गेला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. येताना मी मऊ ब्रश आणि पेस्ट घेतली. दुसऱ्या दिवशी बघते तर ही मोरीशी बसून ब्रशवर मिश्री घेऊन घासतेय.

"तूच म्हणलीस न्हवं, बरशानं घासा म्हणून?"

मी कपाळावर हात मारला. राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

म्हणून यंदा मी इरेला पेटून बोलले. फळ्यावर सगळा इतिहास काढला. बाभळीची काडी, चुलीतली राख, मग हाडाच्या दांड्यात बसवलेले डुकराचे केस आणि शेवटी नायलॉन. डुकराचं नाव काढताच बायकांनी तोंडाला पदर लावले.

"डुकराचं क्यास तोंडात घालत हुती मानसं," आत्या शेजारणीला म्हणाली, "आन माझ्या मिश्रीला नावं ठिवत्यात!"

हशा पिकला. मग मात्र मी सगळ्यांना बोटं पुढं करायला लावली. निम्म्याहून जास्त काळी. शिकल्यासवरल्या घरातसुद्धा हे विष चालतं, लाज वाटली पाहिजे, असं मी सुनावलं.

घरी मला अगं-तुगं करणारी आत्या जागेवरूनच म्हणाली, "आवं बाई, आमच्या घरात ती भाजून कोन देतं, त्ये बी सांगा की."

मी देते. लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून, दर रविवारी, खिडकी उघडून, नाकाला पदर लावून. मिश्री नसली की तिचं डोकं चढतं, मग चहापासून सगळ्यात खोड निघते. त्यापेक्षा अर्धा तास खोकलेलं परवडलं. डॉक्टरांकडून आल्यानंतरचाही एकही रविवार मी चुकवला नव्हता. एवढी संपली की बंद करू, असं दर वेळी मनाशी म्हणत भाजली. त्या नव्या ब्रशवरची मिश्री माझ्याच हातची होती. सगळ्या गावाला नावं ठेवणारी मी, माझ्याइतकी ढोंगी बाई त्या पटांगणात दुसरी नव्हती.

परवाच्या रविवारी डबी रिकामी झाली. आत्यानं तवा आणि तंबाखूची पुडी माझ्यापुढं आणून ठेवली.

"आत्या, मी भाजणार नाही," मी म्हणाले. आता ही घर डोक्यावर घेणार, म्हणून मी तिच्याकडं बघत राहिले.

तिनं तवा उचलला आणि भिंतीला उभा करून ठेवला.

"मग ह्ये आधी म्हणायचं की," ती म्हणाली. "चट्टा उठायची वाट बघत हुतीस व्हय?"