जिप्समची आणखी एक चिमूट

लिओ तुस्कानो मूळचा वसईचा. कालगुर्लीला सोन्याच्या खाणीच्या लॅबमध्ये पाणी तपासतो. त्याचं घर माझ्या मुलीच्या घराला लागून. मधे कमरेएवढं कुंपण. मी शाळेत शिकवायचे, म्हणून मला टीचर म्हणतो. पाण्याचा विषय निघाला की हा गृहस्थ थांबत नाही. "टीचर, आमची विहीर गोड आणि खाडीकडच्या मावशीची मचूळ. चहाच्या एका घोटात सांगायचो, कुणाकडचा ते."

बिअर तो घरीच बनवतो. इथल्या नळाच्या पाण्यात क्षार फार, म्हणून आधी ते फिल्टर करून काढून टाकतो आणि मग आपल्या मापाने पुन्हा घालतो. कॅल्शियम क्लोराईडने बिअर मऊ लागते. जिप्समने हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा स्वच्छ उठतो. "आमटीत मीठ नेमकं पडलं की आंबट कसं खुलतं, तसंच," तो मला समजावतो.

कोविडमुळे दोन वर्षं बंद असलेली आमच्या राज्याची हद्द २०२२ च्या मार्चमध्ये एकदाची उघडली. त्याची मुलगी ॲबिगेल हद्दीपलीकडे सिडनीला, गिरावीनमध्ये राहते. तिची लिझा लॉकडाऊनमध्ये जन्मली, आजी-आजोबांनी तिला फक्त फोनवर पाहिलेलं. शनिवारच्या विमानाने दोघी येणार होत्या. लिओने खास बॅच लावली होती.

गुरुवारी दुपारी अंगणातून त्याचा आवाज आला, "वासच नाही हिला! पाण्यात जिप्समचं सल्फेट कमी पडलं."

त्याने ग्लासात चिमूटभर जिप्सम टाकून ढवळलं, हुंगलं, आणखी एक चिमूट टाकली. त्याची बायको नॅन्सी कपडे वाळत घालत होती. तिने येऊन एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खडू खाल्ल्यासारखं लागतंय. आणि वास कसा नाही? हॉप्सचा पॅशनफ्रूटसारखा नुसता घमघमाट सुटलाय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला नाही कळत, पण टीचरना तिकडे कुंपणापाशी येतोय ना?"

येत होता. मी मान डोलावली. लिओने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"धुळीने नाक चोंदलंय जरा," तो म्हणाला.

नॅन्सी हळूच म्हणाली, "लिओ, कोविडचं किट आहे घरात. टेस्ट कर."

"आधी पाण्याचा निकाल लागू दे."

टेस्ट पॉझिटिव्ह आली की घरातल्या सगळ्यांनाच आठवडाभर आत बसावं लागे. मग ॲबिगेल तान्ह्या मुलीला घेऊन कुठल्या दारात उतरणार? हे तिघांनाही ठाऊक होतं.

"बरं, काढूया निकाल," नॅन्सी म्हणाली. "तीन ग्लास भरते. दोन सारखे, एकात जिप्सम जास्त. डोळे मिट, नुसतं हुंग आणि वेगळा कुठला ते सांग. टीचर साक्षीदार."

ही पद्धत लिओनेच तिला शिकवलेली. खुर्चीत ताठ बसून त्याने डोळे मिटले. नॅन्सीने आतून तीन ग्लास आणले. एकात बिअर होती. दोनांत साधा सोडा. तिने माझ्याकडे पाहिलं.

लिओने तिन्ही ग्लास पुन्हा पुन्हा हुंगले. कपाळावर घाम आला होता.

"दुसरा," तो शेवटी म्हणाला. "यात... यात जरा जास्त आहे."

"उघड डोळे."

दुसऱ्या ग्लासात पाण्यासारखे स्वच्छ बुडबुडे वर येत होते. तो बघत राहिला. उठून आत गेला. परत आला तेव्हा तोंडावर मास्क होता आणि खुर्ची त्याने माझ्यापासून लांब ओढली.

"दोन रेघा," तो म्हणाला आणि स्पीकरवर मुलीला फोन लावला.

मागे लिझाचं बडबडणं ऐकू येत होतं. ॲबिगेल म्हणाली, "इट्स ओके, डॅडा. तिकीट पुढचं करते. मम्मा कशी आहे?"

लिओने मान वळवली. दुपारभर तो पाण्याशी भांडत होता; नॅन्सीला त्याने काही विचारलंच नव्हतं.

नॅन्सीने बिअरचा ग्लास उचलून नाकाशी नेला.

"येतोय," ती म्हणाली. "अजून तरी येतोय."

आणि तिने पुन्हा एकदा हुंगून पाहिलं.